कटकचा मराठा सुभेदार : प्रांताचा कारभारी की वसुलीचा मामलेदार?

वैनगंगा

'अटक ते कटक' म्हटलं की आपल्याकडे टाळ्या ठरलेल्या. त्यातल्या अटकेबद्दल शाळकरी पोरही चार वाक्यं बोलेल : १७५८, राघोबादादा, झेंडे. पण तिथला आपला अंमल दोन वर्षंसुद्धा टिकला नाही. कटकात, म्हणजे आजच्या ओडिशात, मात्र नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७५१ पासून १८०३ पर्यंत होता. ५२ वर्षं! तिथे एकामागून एक सुभेदार गेले. शिवभट साठे, भवानी पंडित, संभाजी गणेश, बाबूजी नाईक, माधवजी हरी, राजाराम पंडित आणि शेवटी त्याचा मुलगा सदाशिवराव. आम्ही नागपूरची माणसं, पण आमच्यातही ही सात नावं सांगणारा माणूस सहज सापडत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. हा सुभेदार नेमका होता कोण? प्रांत वादातला. कागदावर मुर्शिदाबादच्या नबाबाचा, ताब्यात नागपूरचा, पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा डोळा असलेला. त्यात खुर्द्याचा राजा स्वतःला ओडिशाच्या जुन्या गजपती राजांचा वारस म्हणवणारा, आणि डोंगरात पंचवीस-तीस गडजात राजे. एवढ्या सगळ्यांत एक माणूस पाठवायचा, हाताशी फौज बेताची द्यायची आणि दरसाल पैसा पाठव म्हणून सांगायचं.

माझं मत आधीच सांगतो. कटकच्या सुभेदाराला राज्य करायला पाठवलंच नव्हतं. नागपूरने त्याची लायकी पाठवलेल्या रकमेवरून ठरवली, आणि म्हणून त्यातला चांगला माणूसही प्रांताचा होऊ शकला नाही. ज्यांनी यावर वाचलं आहे किंवा जे त्या भागात राहतात त्यांनी लिहावं.

रानजाई

उत्तम विषय. वाचतेय.

पंतोजी_७२

प्रांत हाती कसा आला ते सांगितल्याशिवाय सुभेदाराची अडचण कळायची नाही, म्हणून थोडं मागे जातो.

१७४० मध्ये अलिवर्दीखानाने सरफराजखानाला गिरियाच्या लढाईत मारून बंगालची गादी घेतली. ओडिशाचा नायब तेव्हा रुस्तुमजंग. त्याने अलिवर्दीला मानलं नाही आणि तो हरला. त्याच्या पदरचा मीर हबीब हा फार हुशार आणि तितकाच बेभरवशाचा माणूस. तो नागपूरच्या रघुजी भोसल्यांकडे आला. त्यानंतर १७४२ ची भास्करराम कोल्हटकरांची स्वारी, १७४४ च्या ३१ मार्चला मानकऱ्यात अलिवर्दीने भेटीला बोलावून भास्कररामाची केलेली कत्तल, १७४५ मध्ये रघुजींनी स्वतः कटक घेणं, १७४९ मध्ये अलिवर्दीने ते काही दिवसांपुरतं परत मिळवणं. दहा वर्षं हेच चाललं.

दोघंही थकल्यावर १७५१ चा तह झाला. चौथाई म्हणून बंगालने दरसाल १२ लाख रुपये द्यायचे, मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही, आणि मीर हबीब हा *नबाबाचा* नायब म्हणून ओडिशा सांभाळणार, पण जादा वसूल रघुजींच्या फौजेच्या पगाराला जाणार. म्हणजे नेमणूक एकाची आणि पैसा दुसऱ्याचा. पुढच्याच वर्षी, १७५२ च्या ऑगस्टात, रघुजींचे पुत्र जानोजी भोसले यांच्या छावणीत मीर हबीबाकडे हिशेब मागितला गेला, त्यावरून हातघाई झाली आणि तो मारला गेला.

या पदावर बसलेला पहिला माणूस हिशेबापायी मेला! वैनगंगा यांचा मुद्दा मला तिथूनच पटायला लागतो. त्याच्या जागी मिर्झा सालेह आला तोही नावाला नबाबाचाच. नागपूरचा उघडउघड सुभेदार दिसतो तो १७६० च्या सुमारास, शिवभट साठ्यांपासून.

बखरप्रेमी

धागाकर्त्याशी असहमत. अठराव्या शतकात वसुलीशिवाय वेगळा कारभार कुठे होता? मुर्शिद कुलीखानाची बंगालमधली कारकीर्द घ्या, अलिवर्दीची घ्या. जमीनदाराला कोठडीत घालून पैसा काढणं हाच सगळीकडचा रिवाज. मराठ्यांनी केलं की तेवढी लूट आणि नबाबाने केलं की महसूल-व्यवस्था, हे आपण इंग्रज लेखकांकडून घेतलेलं आहे. त्यांना १८०३ मध्ये प्रांत घेतल्याचं समर्थन करायचं होतं, म्हणून आधीचा अंमल काळाकुट्ट रंगवणं भाग होतं. निदान आपण तरी तो रंग तसाच पुढे नेऊ नये.

हावडाब्रिज

बखरप्रेमी, इंग्रजांचा स्वार्थ होताच. पण मी गेली बरीच वर्षं कोलकात्यात आहे आणि इथलं म्हणणं इंग्रजांनी शिकवलेलं नाही. बर्गी, म्हणजे मराठा स्वार, येतील म्हणून बाळाला झोपवणारं अंगाईगीत इथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत बर्गींच्या स्वाऱ्यांवर काव्य लिहिलं ते १७५१ चं, म्हणजे पलाशीच्याही आधीचं. त्यात गावं जाळणं, बायकांवरचे अत्याचार, पैशासाठी केलेले हाल, सगळं आहे. माझ्या सासूबाई बंगाली. लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं तेव्हा त्या हसत होत्या, पण प्रश्न खरा होता : "तुमच्या पुस्तकात हे शिकवतात का?" शिकवत नाहीत.

फक्त एक फरक ध्यानात घ्यायला हवा. बंगालमध्ये मराठे आले ते स्वारी म्हणून. ओडिशात ते राहिले, मुलूख चालवला. सुभेदाराचा प्रश्न विचारायचा तर तो ओडिशाबद्दलच विचारता येतो.

शेंदूर

+१ हावडाब्रिज. अगदी हेच लिहिणार होतो.

काठजोडी

नमस्कार. मी कटकातच राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. नाव बघून कळलंच असेल. शहराच्या एका अंगाला महानदी आणि दुसऱ्या अंगाला काठजोडी.

बाराबाटी किल्ला आता म्हणजे खंदक, दरवाजा आणि आत उंचवटा. सुभेदार मात्र राहायचा लालबागेत, काठजोडीच्या काठी. मोगल अंमलापासूनची ती जागा. १७६६ मध्ये मॉट नावाचा इंग्रज हिऱ्यांच्या शोधात संबलपूरला निघाला होता, क्लाइव्हच्या सांगण्यावरून. तो कटकावरून गेला तेव्हा भवानी पंडित सुभेदार होते. पुढे तिथे इंग्रज कमिशनर राहिला, मग राज्यपाल. राजभवन भुवनेश्वरला गेल्यावर ती जागा लहान मुलांच्या रुग्णालयाला मिळाली. आज सगळा ओडिशा त्याला शिशुभवन म्हणून ओळखतो. माझ्या मुलाला ताप उतरत नव्हता म्हणून आम्ही तिथे गेलो होतो. आवारात गडजातच्या डोंगराळ भागातून आलेली कुटुंबं, चादरी अंथरून बसलेली, हातात केसपेपर. ज्या वाड्यात त्यांच्या राजांचे वकील खंडणीची घासाघीस करायला येत, तिथे आज ही माणसं पोरांना बरं करून न्यायला येतात. मला त्या जागेचा हा बदल फार आवडतो.

इथले लोक मराठ्यांबद्दल रागाने बोलतात का? पुरीत नाही. ढेंकानाळ, केओंझर भागात मात्र वेगळं ऐकू येतं. त्याबद्दल सवडीने लिहिते.

चक्रपाणि

बाराबाटी म्हटलं की आजवर मला फक्त वनडे मॅच आठवायची. आता खंदकही आठवेल :)

रानजाई

आणि मला दहीबरा-आलूदम. काठजोडीताई, कटकात राहून तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत, याची नोंद घेतली आहे.

काठजोडी

@रानजाई, या खायला. सकाळी लवकर यावं लागतं, नंतर हंडे रिकामे होतात.

मोडीवाचक

कारभाराचा गाभा जमीनमहसूल, म्हणून त्याबद्दल लिहितो. ओडिशाचे दोन भाग. किनारपट्टीचा सुपीक मुलूख म्हणजे मोगलबंदी, त्यात सुमारे १५० परगणे. आतला डोंगराळ भाग म्हणजे गडजात, तिथे राजे आपापल्या गादीवर आणि नागपूरला ठरावीक पेशकश, म्हणजे खंडणी. मोगलबंदीत सुभेदाराचे आमील म्हणजे वसुली अधिकारी, बालेश्वरला फौजदार. गडजातात सुभेदाराचा हुकूम त्याच्या स्वारांचे घोडे जिथवर पोचतील तिथवर.

आता वसूल कशात होता ते बघा. कवड्यांत! ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहण. एका काहणात १२८० कवड्या. इंग्रजांनी नंतर सिक्का रुपयाला ४ काहण असा सरकारी भाव बांधला, म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या. रयत भात विकून कवड्या आणणार, आमील त्या मोजून घेणार. नागपूरला मात्र कवड्या चालत नाहीत, तिथे फौजेचा पगार रुपयांत. मग कटकातला सराफ त्या घेऊन हुंडी लिहून देणार आणि बट्टा कापणार. हंगामात सगळ्यांनाच रुपया हवा असतो तेव्हा भाव सराफाच्या हातात. ही एवढी साखळी आहे. रयतेने दिलं किती आणि नागपूरला पोचलं किती यात जो खड्डा पडतो, त्याचा जाब सुभेदाराला द्यावा लागतो. तो भरून काढायला तो आमिलावर चढणार, आमील गावच्या प्रधानावर म्हणजे मुखियावर. मला हा माणूस स्वभावाने दुष्ट वाटत नाही. त्याच्या पदाची मांडणीच तशी होती.

वैनगंगा

मोडीवाचक, मला नेमकं हेच म्हणायचं होतं, तुम्ही ते हिशेबाने दाखवलंत.

त्याला जोडून, बदल्या बघा. शिवभट साठे : हिशेबाचा वाद, १७६४ मध्ये पदावरून दूर. ते सुखासुखी गेले नाहीत, गडजातच्या काही राजांना हाताशी धरून नव्या सुभेदाराला त्रास देत राहिले. भवानी पंडित १७६८ पर्यंत. संभाजी गणेश दोनेक वर्षं. बाबूजी नाईकही थोडाच काळ. माधवजी हरी १७७७ पर्यंत. १७ वर्षांत ५ सुभेदार. भाषा वेगळी, नद्यांना दरसाल पूर, महसूल कवड्यांत, आणि माणूस मुलूख ओळखायला लागेपर्यंत त्याच्या जागी दुसरा हजर. त्यात नागपुरात जानोजी १७७२ मध्ये गेल्यावर साबाजी आणि मुधोजी या भावांत गादीचं भांडण. सुभेदाराने पैसा पाठवायचा तरी कोणाला?

बखरप्रेमी

आणि मग राजाराम पंडित? १७७८ ते १७९३, एकच माणूस १५ वर्षं. त्याने मधल्या तालुकदार-चौधरी मंडळींचे हात आखडले आणि गावच्या प्रधानांशी थेट बोलणं लावलं. नुसता वसुलीचा मामलेदार असता तर तालुकदारांकडून ठोक रक्कम घेऊन मोकळा झाला असता, तेच सोपं होतं. हा माणूस गावापर्यंत जायला बघत होता. याला कारभारी म्हणायचं नाही तर कोणाला?

तुमचा सिद्धांत पहिल्या पाचांना लागू पडतो, राजारामाला नाही.

पंतोजी_७२

थेट प्रधानांशी बोलणं हे रयतेच्या भल्यासाठी होतं की मधल्याचा वाटा सरकारात यावा म्हणून, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. माझ्या मते दुसरंच. पण वाटा कशासाठीही घेतलेला असो, गावात माणूस पाठवून मोजणी करावी लागली, आणि मोजणी केल्यावर गावाची खरी स्थिती कळतेच. हेतू पैशाचा असला तरी ज्ञान प्रांताचं वाढलं. बखरप्रेमींशी अर्ध्यावर सहमत.

निशिगंधा

इतिहासाचा माझा अभ्यास नाही, पण मोडीवाचकांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. माझे वडील महसूल खात्यात होते, सीमेवरच्या एका डोंगरी तालुक्यात काही वर्षं. वरून दर महिन्याला एकच तक्ता यायचा, वसुलीची टक्केवारी. त्या तालुक्यात किती विहिरी झाल्या, कोणत्या पाड्यावर पावसाळ्यात पोचता येत नाही, याला तक्त्यात रकानाच नव्हता. बाबा घरी ते वेगळ्या वहीत लिहीत. त्यांच्यानंतर आलेल्या साहेबांना त्यांनी ती वही दिली. त्यांनी वाचली की नाही, देव जाणे.

माणूस चांगला असून भागत नाही, त्याला काय विचारलं जातं यावर सगळं ठरतं. वैनगंगा यांचा प्रश्न मला म्हणून आजचाही वाटतो.

शेंदूर

निशिगंधाताई, तुमच्या वडिलांची ती वही कुठल्या तरी संग्रहात असायला हवी होती.

आता मंडळी, जगन्नाथाबद्दल कोणी लिहिलंच नाही! पुरीचं मंदिर मराठ्यांकडे आलं ते गमतीशीर वाटेने. १७६० च्या सुमारास पारलाखेमुंडीच्या नारायण देवाने खुर्द्यावर चाल केली. खुर्द्याच्या बीरकिशोर देवाने कटककरांची मदत मागितली आणि त्यासाठी रक्कम कबूल केली. लढाई जिंकली, पण पैसे देता येईनात. बदल्यात लेंबाई, रहांग हे परगणे आणि पुरुषोत्तम क्षेत्र म्हणजे खुद्द पुरी मराठ्यांकडे आली. मंदिराची व्यवस्था सुभेदाराच्या माणसांकडे गेली.

इथे सुभेदार नुसता वसुली करत नव्हता. यात्रेकरूंकडून कर घेतला जायचा हे खरं, अठरानळ्याच्या पुलाशी नाकं होतं. पण नित्य नैवेद्य, सेवेकऱ्यांची नेमणूक, उत्सवाचा खर्च, उत्पन्न कमी पडलं तर सरकारातून भर, हे सगळं चालू राहिलं. सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला तोही मराठ्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत. मी पुरीला गेलो तेव्हा त्या खांबाला हात लावून बराच वेळ उभा होतो. एकाच दगडाचा, सोळा पैलू, वर हात जोडून बसलेला अरुण. रथयात्रेला बंगालमधून, नागपुराकडून, तेलंगणातून माणसं येत. त्यांची वाट सुरक्षित ठेवणं सुभेदाराचं काम होतं. पुरीतली माणसं आजही मराठ्यांचं नाव चांगल्या अर्थाने घेतात ते त्यामुळे.

हावडाब्रिज

शेंदूर, पुरीचं पटलं. पण नाक्यावरचा कर बहुतेक बंगाली यात्रेकरूच भरत होते हेही असू द्या. :)

काठजोडी

मी ढेंकानाळबद्दल लिहीन म्हटलं होतं.

१७८० च्या आसपास नाना फडणीस, हैदर, निजाम आणि नागपूरकर यांची इंग्रजांविरुद्ध युती झाली. नागपूरकरांच्या वाट्याला बंगालवर चाल करायचं काम. मुधोजींनी मुलगा चिमणाबापूला मोठी फौज देऊन कटकला पाठवलं. नागपूरचं आणि कंपनीचा गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज याचं आतून बोलणं चालू होतं, त्यामुळे फौज बंगालात घुसलीच नाही. ओडिशातच पडून राहिली. एवढ्या घोड्यांना दाणावैरण, एवढ्या माणसांना पगार! कटकचा सुभा तो भार उचलू शकत नव्हता. ती फौज मग पेशकशीच्या नावाखाली ढेंकानाळच्या राजावर गेली. राजा त्रिलोचन महेंद्र बहादूर डोंगरातल्या गडांवरून चिवटपणे लढला.

या लढाईवर ब्रजनाथ बडजेना या कवीने 'समर तरंग' हे ओडिया काव्य लिहिलं. इथे ते साहित्याचा मानबिंदू मानतात. माझी शेजारीण निवृत्त ओडिया शिक्षिका आहे, तिने मला त्यातला काही भाग म्हणून दाखवला. घोड्यांच्या टापांचा नाद ओळीत पकडलाय. त्यात शत्रू म्हणजे आपण. ऐकताना अंगावर काटा आला. मराठी म्हणून मला ते ऐकायला हवंच होतं असं वाटलं. आपण शाइस्ताखानावरचं वर्णन ज्या आवेशाने ऐकतो, त्याच आवेशाने ही माणसं ते ऐकतात.

शेवटी हेस्टिंग्जने लाखांनी रुपये मोजले आणि १७८१ मध्ये फौज परतली. बोलणी करायला कलकत्त्याला जाणारा माणूस कोण? राजाराम पंडित.

चक्रपाणि

काठजोडी यांनी कंपनीचा विषय काढलाच आहे तर थोडी भर.

१२ ऑगस्ट १७६५ ला मोगल बादशहा शहाआलमने कंपनीला बंगाल, बिहार आणि *ओडिशाची* दिवाणी दिली. ओडिशा तेव्हा पूर्णपणे भवानी पंडितांच्या हातात! कंपनीकडे होता तो सुवर्णरेखेच्या अलीकडचा मिदनापूरचा तुकडा. एकाच प्रांताचा महसूल गोळा करायचा हक्क एकाकडे आणि महसूल दुसऱ्याकडे. क्लाइव्हने तर ओडिशा सोडलात तर चौथाई देतो असं बोलणं लावून पाहिलं. जानोजींनी ऐकलं नाही. मग कंपनीने चौथाईही दिली नाही.

आणि कंपनीला ओडिशा इतका का हवा होता? पैशासाठी कमीच. कलकत्ता ते मद्रास जमिनीवरची वाट ओडिशातून जाते. डाक, हरकारे, पलटणी, सगळं सुभेदाराच्या परवानगीने. १७८१ मध्ये हैदराशी लढायला कर्नल पीअर्सची पलटण बंगालहून मद्रासकडे चालत गेली ती कटकवरून, नागपूरच्या संमतीने. विचार करा, युतीतला नागपूरकरच हैदरावर जाणाऱ्या फौजेला वाट देतो! त्या दिवशी वाट अडवली असती तर दक्षिणेतल्या लढाईला कदाचित वेगळं वळण लागलं असतं. कटकच्या सुभेदाराच्या हातात हिंदुस्थानचा पूर्व किनारा होता आणि त्याचं मोल नागपूरला कळलं नाही, याची मला आजही चीड येते. नाकं हाती असताना आपण फक्त नाक्यावरचा पैसा मोजला.

बखरप्रेमी

चक्रपाणि, वाट अडवण्याचा निर्णय सुभेदाराचा नव्हे, मुधोजींचा. मुधोजींना पुण्याचाही भरवसा नव्हता. १७४३ मध्ये पेशवे स्वतः बंगालमध्ये जाऊन अलिवर्दीच्या बाजूने रघुजींच्या पाठीस लागले होते, हे नागपूर विसरलेलं नव्हतं. पुणे-नागपूर यांच्यातला संशय लक्षात न घेता नागपूरला एकट्याला दोष देणं अन्याय आहे.

चक्रपाणि

मान्य, संशय होता. पण ज्याला संशयापोटी स्वतःचा किनारा दिसत नाही त्याच्या हातून किनारा जातोच, आणि तो गेला.

मोडीवाचक

तो कसा गेला ते बघा, मूळ प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

सप्टेंबर १८०३. इंग्रजी फौज गंजामहून निघाली, पुढे हारकोर्ट तिचा सेनापती. चिलका सरोवराच्या बाजूने वाट काढून द्यायला तिथलाच फत्ते महंमद मिळाला. १८ सप्टेंबरला पुरी. पंड्यांनी मंदिर इंग्रजांच्या रक्षणाखाली दिलं. त्याच सुमारास बालेश्वर समुद्राच्या बाजूने घेतलं. १४ ऑक्टोबरला बाराबाटी पडला. नागपूरहून कुमक यायची तर छत्तीसगड, संबलपूर आणि मग महानदीच्या काठचा बारमूळचा घाट, एवढी एकच वाट. तोही घाट नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेजर फोर्ब्सने घेतला. भोसल्यांची मुख्य फौज तेव्हा वऱ्हाडात वेलस्लीसमोर अडकलेली. आडगाव, मग १५ डिसेंबरला गाविलगड, आणि १७ डिसेंबरला अचलपूरजवळच्या देवगावचा तह. बालेश्वर बंदरासह कटक प्रांत कायमचा गेला.

महिना-सव्वा महिन्यात ५२ वर्षांचा अंमल संपला. मोगलबंदीतलं एकही गाव मराठ्यांसाठी उठलं नाही. खुर्द्याच्या राजाने इंग्रजांशी बोलणं केलं, गडजातवाले वाट बघत राहिले. सदाशिवरावाच्या बाजूने लढायचं कारण कोणालाच नव्हतं.

पंतोजी_७२

त्याला दुसरी बाजू आहे. १४ वर्षांतच, १८१७ मध्ये, तिथले पाईक, म्हणजे इनाम जमिनीच्या बदल्यात शिपाईगिरी करणारे लोक, बक्षी जगबंधूंच्या मागे इंग्रजांविरुद्ध उठले. कारणं बघा : इनाम जमिनी काढून घेणं, महसूल रोख रुपयांत मागणं, कवडीचा भाव कोसळणं, मिठावरचं सरकारी नियंत्रण. मराठ्यांच्या ५२ वर्षांत पूर्ण किनारपट्टी अशी पेटली नव्हती. गाव मराठ्यांसाठी उठलं नाही हे खरं, पण इंग्रजांविरुद्ध ज्या त्वेषाने उठलं तसं मराठ्यांविरुद्धही उठलं नव्हतं. कवड्यांत वसूल घेणारा सुभेदार रयतेच्या बाजारात राहून कारभार करत होता, एवढं तरी त्याच्या पदरात टाकावं लागेल.

बखरप्रेमी

पंतोजी, धन्यवाद. मी पहिल्या प्रतिसादापासून हेच म्हणतोय.

निशिगंधा

मग वैनगंगा, तुमचा निकाल काय?

वैनगंगा

पंतोजींनी पाईकांचा मुद्दा आणला तो मोलाचा आहे, तो माझ्या डोक्यात राहील. शेंदूर यांनी पुरीचं लिहिलं तेही. पुरीत सुभेदार खरोखर कारभारी होता, कारण तिथे त्याला रकमेपलीकडचं काम दिलं होतं. देवाचा नैवेद्य चुकता कामा नये, यात्रेकरूची वाट सुरक्षित हवी. नागपूरच्या राजघराण्याची श्रद्धा होती म्हणून त्यांनी ते विचारलं, आणि विचारलं म्हणून ते झालं. उरलेल्या मुलुखाबद्दल काही विचारलंच नाही. राजाराम पंडितासारखा माणूस १५ वर्षं तिथे राहिला, कलकत्त्यापर्यंत जाऊन बोलणी करून आला, गावपातळीवर वसूल नेला. पण चिमणाबापूची फौज त्याच्या उरावर आणून बसवताना हा मुलूख ती पोसू शकेल का, हे नागपूरला त्याला विचारावंसं वाटलं नाही. माझं म्हणणं सुभेदारांविरुद्ध नाहीच. ते त्यांच्या मालकांविरुद्ध आहे, आणि ते मालक आमच्याच गावचे होते म्हणून ते मी ठासून म्हणतो.

शाळेच्या पुस्तकात या सात जणांसाठी निदान अर्धं पान असावं. आणि त्या अर्ध्या पानात ढेंकानाळही असावं.

हावडाब्रिज

अर्ध्या पानाला माझं अनुमोदन. हा धागा मी सासूबाईंना वाचून दाखवणार आहे, बंगालीत सांगत सांगत.

मोडीवाचक

ज्यांना पुढे वाचायचंय त्यांच्यासाठी : नुसत्या मराठी कागदांवर थांबू नका. पुण्याच्या पेशवे दप्तरात नागपूरच्या राजकारणाचं बरंच सापडेल, पण कटकच्या रोजच्या कारभारासाठी कंपनीचा कलकत्त्याचा पत्रव्यवहार आणि पुरीच्या मंदिराच्या ताडपत्रांवरची माहिती जोडीला ठेवावी लागते. ओडिया येणारा आणि मोडी येणारा असे दोघे एकत्र बसले तर फार मोठं काम होईल. कोणी तयार असेल तर मोडीची बाजू मी घेतो.

काठजोडी

@मोडीवाचक, माझ्या शेजारणीला विचारलं. ती ओडियाची बाजू घ्यायला तयार आहे, करणी लिपीही तिला थोडी वाचता येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

आणि पुरीला येणाऱ्यांनी कटकसाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा. भुवनेश्वरहून तासाभरात बस पोचवते. सकाळी बाराबाटी बघून घ्या, दहीबरा खा, मग काठजोडीच्या बांधावरून लालबागेकडे चालत जाऊ. रुग्णालयाच्या आत गर्दी करायची नाही, बाहेरूनच बघायचं.

रानजाई

डिसेंबरात येतेय. दहीबरा आधी, बाराबाटी नंतर.